दोन उन्हाळ्यांचं काम

आल्हादनं नकाशावरच्या खिडकीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही काढ."

"ही?" इशितानं पेन्सिल खाली ठेवली. "अरे, अख्ख्या इमारतीत बघण्यासारखी तीच एक आहे. समोर बर्फाचे डोंगर."

"तेच डोंगर, ताई. दात घासतानाही तेच. भिंत घाल तिथं."

फ्रीगंजमधल्या इशिताच्या ऑफिसात आठ दिवसांत त्यानं नापसंत केलेला हा तिसरा नकाशा. आल्हाद कॅप्टन होता. चौदा हजार फुटांवरच्या त्याच्या ठाण्यावर साठ माणसं होती आणि वर्षातले सहा महिने रस्ता बंद. जवानांसाठी मनोरंजन केंद्र बांधायला मंजुरी आली, तेव्हा रजेवर निघालेल्या आल्हादला पलटणीच्या प्रमुखांनी, सीओ साहेबांनी, थांबवून सांगितलं होतं, तुझी बहीण आर्किटेक्ट आहे ना, येताना नकाशा घेऊन ये.

घरात मात्र या नकाशाचं कुणाला काही पडलं नव्हतं. ऑक्टोबरात त्याची तिथली मुदत संपत होती. मागितली तर ती वर्षभर वाढवून मिळाली असती, पण महूच्या लष्करी संस्थेत शिकवायला येणार का, अशी विचारणा झाली होती. महू म्हणजे गाडीनं दोन तास. होकाराची मेल शनिवारी पाचच्या आत जायला हवी होती. आईनं तर त्याची खोली रंगवायला माणूसही सांगून ठेवला होता.

"तू मेल टाकून दे ना रे. त्यात काय सोचायचं?" ती रोज सकाळी पोह्यांची बशी ठेवताना विचारी.

"बघू," आल्हाद म्हणे, आणि अर्धे पोहे उभ्यानंच खाऊन बाहेर पडे.

गुरुवारी संध्याकाळी इशिता त्याच्याबरोबर बाजारात निघाली. टावर चौकात त्यानं आधी कमरेच्या पट्ट्यांचा भाव विचारला, मग कुकरच्या रिंगचा, मग भैरवगढच्या छापाच्या चादरींचा. चादरवाल्यानं सहा चादरी उलगडल्या आणि सातवीला हात थांबवला.

"भिया, लेना है कि टाइमपास?"

"टाइमपास," आल्हाद प्रामाणिकपणे म्हणाला.

चादरवाला हसला. त्यानं स्टूल पुढे सरकवलं आणि आपल्या साडूनं रतलामला काढलेल्या आणि तीन महिन्यांत बुडवलेल्या हॉटेलची कथा सुरू केली. आल्हाद गुडघ्यांवर कोपरं टेकून ऐकत राहिला. इतकं लक्ष देऊन त्यानं या आठ दिवसांत घरातल्या कुणाचंही ऐकलं नव्हतं.

"काही घ्यायचं नव्हतं, तर त्या बिचाऱ्याला कशाला त्रास?" परतताना इशितानं विचारलं.

"त्याचं तोंड मी आधी कधी पाहिलं नव्हतं." थोडं चालल्यावर तो म्हणाला, "तिथं एक हवालदार आहे. तो विनोद सुरू करतो आणि शेवट आम्ही सगळे मिळून म्हणतो. अंधारात कुणी खोकलं तरी नाव सांगता येतं. तू हॉल काढतेस, सोफे गोल मांडतेस. गोल बसून आम्ही एकमेकांकडेच बघणार ना?"

शुक्रवारी सकाळी इशितानं नवा कागद लावला. हॉल तिनं मध्ये घेतला, आणि त्याच्या चारही बाजूंनी छपराखालून फिरणारी एक बंद वाट काढली. वाट सरळ नव्हती. ती सात ठिकाणी वळत होती. वळणापलीकडून कोण येतंय, हे चालणाऱ्याला आधी कळू नये, अशी ती मोडली होती. जाड दगडी भिंतींमुळं आतल्या बुखारीची, म्हणजे लोखंडी शेगडीची, ऊबही टिकणार होती. हॉलला दोन दारं दिली: एकातून शिरावं, कुणाला सलाम न ठोकता दुसऱ्यातून निघून जावं. एक फेरी नव्वद पावलांची. दुपारपर्यंत तिला कळलं, की आपल्याकडून बरोबर काम झालंय.

मग तिनं बांधकामाचे महिने मोजले. तिथं जून ते सप्टेंबर एवढंच काम चालतं. नुसता हॉल तयार पॅनलांचा केला, तर एका उन्हाळ्यात उभा राहील. ही दगडी वाट धरली, तर दोन. आणि आल्हाद काम अर्धवट टाकून येणाऱ्यातला नव्हता. दहावीत असताना महाराष्ट्र समाजाच्या गणपतीचं मखर अपुरं राहिलं, म्हणून तीन रात्री मंडपातच झोपला होता. आई डबा घेऊन बोलवायला गेली, तर त्यानं डबा ठेवून घेतला आणि तिला परत पाठवलं.

इशितानं कागदाची गुंडाळी केली आणि ती कपाटामागे सरकवली.

शनिवारी तीन वाजता तिनं त्याच्यापुढे नुसत्या हॉलचा नकाशा पसरला. खिडकी काढून टाकलेली होती. कॅरमच्या जागा, टीव्ही, पुस्तकांची मांडणी.

"चालेल," आल्हाद म्हणाला. "सप्टेंबरपर्यंत होऊन जाईल."

"होईल."

"मग मी ऑक्टोबरात मोकळा." त्यानं लॅपटॉप उघडला, एक ओळ लिहिली, खोडली आणि उठला. भिंतीपासून दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "चांगलाच आहे, ताई. खरंच. कुणी तक्रार करणार नाही."

"तू आधी बस."

तो बसला. टेबलाखाली त्याचा पाय हलतच राहिला. पाणी पिऊन झालं, पुन्हा एक ओळ लिहून झाली. साडेचार वाजले. इशिता कपाटाकडे पाठ करून उभी होती. खोली रंगवणारा माणूस सोमवारी येणार होता. तिनं आल्हादकडे पाहिलं, मग वाकून गुंडाळी ओढून काढली आणि लॅपटॉपच्या बाजूला पसरली.

आल्हादनं आधी दारं पाहिली. मग त्याचं बोट पहिल्या दारातून वाटेवर आलं आणि भिंतीच्या कडेनं सरकू लागलं. प्रत्येक वळणाशी ते क्षणभर थांबत होतं. सातवं वळण झालं, तेव्हा टेबलाखालचा पाय थांबल्याचं इशिताच्या लक्षात आलं.

"दगड?"

"दीड फुटी भिंत. तिथलाच मिळेल, असं धरलंय."

"म्हणजे दोन उन्हाळे."

"हो."

त्यानं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पण हा कागद कालपासून कुठं होता, हे विचारलं नाही. लॅपटॉप थोडा बाजूला सारला आणि दुसऱ्या फेरीला सुरुवात केली.

पाचला दहा कमी असताना त्याचा फोन वाजला. पडद्यावर 'आई'. तो वाजत राहिला तसा इशितानंच उचलला.

"गेली का रे मेल?"

इशितानं भावाच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "जेवायला थांबू नका. आम्हाला वेळ लागेल."