मऊ पाण्याचा मासा

मच्छिंद्रने बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि साबणाची वडी घासली. पुन्हा घासली. हातावर फाटलेल्या दुधासारखे पांढरे कण जमले. फेस काही आला नाही.

"जड हाय पाणी," तो म्हणाला.

टेंभुर्णीच्या काकासाहेबांच्या मिशा हलल्या. स्वतःच्या विहिरीबद्दल हे ऐकायला ते जालन्यापर्यंत गाडी जुंपून आले नव्हते. आजोबांनी खडक फोडून काढलेली विहीर. तिला पाणी असताना घरात दुसरीकडचा थेंब येणार नाही, हा घरचा कायदा होता.

"जड म्हंजे? खोट हाय का आमच्या पाण्यात?"

मच्छिंद्र मुंबईहून रेल्वेने रंगीत मासे आणून विके. मासे कधी मरत, गिऱ्हाईक मात्र त्याने कधी मरू दिलं नव्हतं.

"खोट कशाची, काकासाहेब? वजनदार पाणी हाय. हलक्या जिवाला झेपत न्हाई, इतकंच."

काकासाहेब सुखावले. हैदराबादेहून हौसेने आणलेली काचेची पेटी ओसरीवर रिकामी होती आणि तहसीलदारसाहेब दौऱ्यावर यायचे होते. मच्छिंद्रने ओगराळ्याने एकेक मासा वर काढून दाखवला.

"हे शेंदरी घ्या. हा काळा, मखमलीवानी. चुनखडीच्या पाण्यात तर ह्यांचा संसार वाढतो."

"बराबर. हेच बांध."

द्वारकाबाई आतापर्यंत नवऱ्यामागे उभ्या होत्या. त्या शेवटच्या बरणीपाशी वाकल्या. आत रुपेरी, चपटा, काळ्या पट्ट्यांचा मासा पदरासारखे पर सोडून उभा होता.

"अन् ह्याला कसलं पाणी लागतं?"

"त्याचं नावच काढू नका, मायबाई. लई नाजूक. मऊ पाणी पाह्यजे. तुमच्या विहिरीत आठ दिवसांत आडवा होईल."

द्वारकाबाईंनी मान हलवली. असंच एक नाजूक प्रकरण त्यांच्या घरात वर्षभर होतं. सून सरोजिनी गंगाथडीची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली. इथे आल्यापासून पोट धरून बसे. तिची डाळ चुलीवर दुपार करी, तरी वरणात कण राहत आणि जेवताना सासरे ते मोजून दाखवत. वैद्याने नदीच्या वाळूतल्या झिऱ्याचं पाणी द्यायला सांगितलं होतं. काकासाहेबांनी वैद्य बदलला. संक्रांतीला सुनेचा भाऊ न्यायला येणार होता. अशी गेलेली पोर परत येत नसते, हे द्वारकाबाई ओळखून होत्या.

"हाच घ्यायचा," त्या म्हणाल्या.

"अगं, तो काय म्हणून राह्यला, ऐकलंस का?"

"ऐकलं की. शेंदरी मासे तहसीलदारांनी ढिगानं पाह्यले असतील. असा कुणापाशी हाय?"

काकासाहेबांनी मच्छिंद्रकडे पाहिलं.

"अख्ख्या जिल्ह्यात न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. ते बहुधा खरंही असावं.

"अन् पाण्याचं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"झिऱ्याचं आणू. माणसाला थोडंच प्यायचंय? माशाचं पाणी माशाला."

कायद्यात माशांबद्दल काही नव्हतं. काकासाहेबांनी कनवटीला हात घातला.

दुसऱ्या दिवसापासून मोलकरीण झुंबरबाई झिऱ्यावरून घागरी आणू लागली. पेटी भरली, मग स्वयंपाकघराच्या दारातला रांजणही भरला.

"बोटभर मासा, अन् रांजणभर पाणी?" काकासाहेबांनी विचारलं.

"पाणी शिळं करून घालावं लागतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

तहसीलदारसाहेब आले, बराच वेळ पेटीपुढे बसले, शेतसाऱ्याचं बोलणं विसरले. इकडे सरोजिनीचा हात पोटावरून सुटला. वरण लोण्यासारखं होऊ लागलं.

"शिकली म्हणायची," काकासाहेब भुरके मारत म्हणत. "मानवलं पाणी विहिरीचं."

सून चुलीकडे तोंड फिरवून हसे. सासूच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

मग पौषात कडाक्याची थंडी पडली आणि एका सकाळी मासा पेटीत आडवा तरंगताना दिसला. द्वारकाबाईंनी आधी पेटीवर फडकं टाकलं, पण काकासाहेब दातण घेऊन तिथेच उभे होते. घागरी घेऊन निघालेली झुंबरबाई उंबऱ्यात थांबली.

"आता कशाला जाऊ, मालक? मासा तर गेला."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. भाऊ चार-सहा दिवसांत येणार होता.

काकासाहेबांनी फडक्याचं टोक उचलून पाहिलं, पुन्हा सोडलं. अंगणाकडे तोंड करून त्यांनी गडी कचरूला हाक मारली.

"जालन्याला जा जल्दी. मच्छिंद्रकडून मासा आण."

"शेंदरी आणू का, मालक? ते टिकते म्हणून राह्यलेत लोक."

"बिलकुल न्हाई. तसलाच. मऊ पाण्याचा." मग ते झुंबरबाईकडे वळले. "अन् तू काय बघत उभी? तो येईस्तोवर पाण्यात खंड नको. पेटीची सवय मोडंल."

द्वारकाबाईंनी पहिल्यांदाच नवऱ्याकडे नीट पाहिलं. ते दातण चावण्यात गढून गेले होते.