वाटणीला आलेली भट्टी

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पाव भाजणारी, लोखंडी, काळी आणि जरा कुरकुऱ्या स्वभावाची. माझे दार आधी कुरकुरते, मग उघडते. आज तुमच्याशी बोलताना मला लाज वाटते आहे, पण सांगितल्याशिवाय मन हलके व्हायचे नाही.

कारखान्यात पत्रे ठोकून मला घडवले आणि एका नव्या जोडप्याने मला हौसेने विकत घेतले. बाई पाव भाजायची, नवरा ते दुकानोदुकानी पोचवायचा. पुढे लेक झाली, पसारा वाढला, गाडी आली आणि तिच्याबरोबर कर्जही आले. बाईला माझी खोड पक्की ठाऊक होती. माझा डावा कोपरा जास्त तापतो, म्हणून भाजताना मध्येच ती ट्रे फिरवायची आणि सगळे पाव एकाच रंगाचे निघायचे. नवऱ्याने एकदाच भाजायचा उद्योग केला. पावांचा कोळसा झाला, आणि वर मलाच अवदसा म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडे!

मग दोघांचे पटेनासे झाले. कशावरून, ते मला कळले नाही. संसारातले सगळेच भट्टीला कळत नाही. घटस्फोट ठरला. आता धंद्यातल्या वस्तू आणि कर्ज यांची वाटणी करायची होती. किंमत ठरवायला एक चष्मेवाले काका आले. त्यांचा नियम सरळ होता. गाडी नवऱ्याला, भट्टी बाईला. ज्याची वस्तू महाग, त्याच्या डोक्यावर कर्ज जास्त.

आणि सगळे उलटेच झाले. ज्याने जन्मभर नाके मुरडली, तो नवरा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “काका, सोनं आहे हो सोनं! अशी भट्टी आता शोधून सापडायची नाही.”

बाई म्हणाली, “कसलं सोनं? भंगार आहे नुसतं. डावीकडे जळतं, उजवीकडे कच्चं राहतं. फुकट दिली तरी कुणी नेणार नाही.”

हे बोलताना तिने माझ्याकडे पाठ केली होती. तिचे कान लाल झाले होते. आणि मी? खरे सांगते, त्या नवऱ्याच्या स्तुतीने माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. मग माझी मलाच शरम वाटली.

काका म्हणाले, “ताई, एक ट्रे भाजून दाखवा. बघूया तरी.”

बाईने ट्रे आत सरकवला. आता तिला काहीच करायचे नव्हते, नुसते हाताची घडी घालून उभे राहायचे होते. पाव जळले असते, माझी किंमत पडली असती आणि लेकीला घेऊन वेगळे राहणे तिला झेपले असते. ती उभी राहिलीही. मीसुद्धा देवाला म्हटले, आज जळू देत. पण पावाचा वास बदलला आणि तिची बोटे चुळबुळू लागली. तिने ओठ चावला. पुढच्याच क्षणी फडके घेऊन तिने दार उघडले आणि ट्रे फिरवला.

पाव निघाले ते सगळे एकाच रंगाचे. काकांनी एक मोडून खाल्ला. “डावीकडे जळतं म्हणालात ना, ताई?” त्यांनी हळूच विचारले. बाई हातातले फडके पिळत राहिली. काकांनी नवऱ्यापुढेही पाव धरला, पण त्याने घेतला नाही. तो जमिनीकडे बघत होता.

माझी किंमत चढली आणि कर्जाचा मोठा वाटा बाईकडे आला. आता ती दुप्पट पाव भाजते. “आई, आज तरी सुट्टी घे ना,” लेक म्हणते. बाई पीठ मळत राहते.

मित्रांनो, घर मोडले की वाटणी चुकत नाही. वाटा हवे तर भांडी, गाड्या, भट्ट्या. पण ज्या वस्तूवर एखाद्याचे पोट आहे, तिला चारचौघांत भंगार म्हणायची वेळ त्याच्यावर आणू नका. त्या दिवसापासून बाई माझे दार उघडते ती मान वळवून. तिच्याशी मला बोलता येत नाही, नाहीतर सांगितले असते, बाई गं, खोट्या स्तुतीने फुगले ती मी, तोंड लपवायचे तेही मीच. तू नाही.