वाऱ्यातले बाक

२०१७ सालचा उन्हाळा सर्बियातल्या निश शहराने पुष्कळ वर्षं लक्षात ठेवला. जूनमध्येच रस्त्याचं डांबर टाचेखाली रुतायला लागलं, आणि ऑगस्टात बाजारातल्या बायका कलिंगडांवर ओली फडकी टाकून स्वतः हातगाडीखाली जाऊन बसायच्या. पण दुशित्साच्या पोटात त्या उन्हाळ्यात जे पेटलं होतं, त्यापुढे बाहेरचं ऊन काहीच नव्हतं.

दुशित्सा विद्यापीठात डॉक्टरेट करत होती. वय छत्तिशीच्या पुढे गेलेलं. हवा अशी तापत चालल्यावर शहरातले लोक चौक, बागा आणि नदीकाठ कसे वापरतात, हा तिचा विषय. जुन्या बाजारामागच्या चौकात तिने दोन उन्हाळे बसून काढले होते. तिच्या लहानपणी तिथे लिंडनची झाडं होती. फुलांचा वास थेट शाळेच्या वर्गात यायचा, आणि म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन चहासाठी फुलं खुडायच्या. पुढे झाडं गेली आणि पांढरी फरशी आली. आता लोक औषधाच्या दुकानाच्या भिंतीला चिकटून बसत आणि सावली सरकेल तसे सरकत. कोणते आजोबा सूर्यफुलाच्या बिया सोलत कुठे बसतात आणि कोणती काकू कुणाशी भांडून लांब बसली आहे, हे सगळं दुशित्साला पाठ होतं.

विभागात सहायक प्राध्यापकाची एकच जागा निघणार होती. प्रोफेसर रादोमिर तिला नेहमी म्हणत, "घाई नको पोरी, जागा आपलीच आहे." त्या भरवशावर तिने लग्न, फिरणं, सगळंच पुढे ढकललेलं.

आणि वसंतात इसिदोरा आली, त्याच विभागात डॉक्टरेट करायला.

इसिदोराचे वडील तरुणपणीच फरश्या बसवायला व्हिएन्नाला गेले होते. ती तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली. सर्बियन बोलायची ती आजीच्या खेड्यातली, जुन्या वळणाची, आणि त्यामुळे सगळ्यांना फारच गोड वाटायची. सोबत पेटीभर उपकरणं होती. प्रोफेसर आता दुशित्साला कामापुरती हाक मारू लागले, तीही बहुधा इसिदोराला चौक दाखवायला. चौकातल्या ज्या बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांनी दुशित्साच्या नमस्काराला उत्तर द्यायला वर्ष लावलं, त्यांनी इसिदोराला पहिल्याच दिवशी सरकून जागा दिली. एकदा ती घरी आली तर दुशित्साची आई विदोसावासुद्धा विरघळली. "किती गुणाची गं! नुसती हाडं आहेत, तिला काही खाऊ घाल," असं म्हणत तिने बुरेकचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या रोटीचा, मोठा तुकडा तिच्याच ताटात वाढला. दुशित्साच्या अंगाचा तिळपापड झाला.

इसिदोराच्या उपकरणांनी एक जागा शोधून काढली. चौकाच्या कडेला दोन उंच इमारतींमध्ये बोळ होता. नदीवरचा वारा त्यातून दिवसभर वाहायचा, आणि भर दुपारीही तिथे वैशाखातून एकदम माघात आल्यासारखं वाटायचं. तिथे बाक टाका, वेल चढवा, उन्हाने घेरी येणारी माणसं वाचतील, असं तिने सुचवलं. पालिकेने लगेच होकार दिला. ज्या खोलीत हे ठरलं तिथे सगळे घामाने निथळत होते. इसिदोराने खिडकी उघडली, तर दार उघडं आहे म्हणून कारकूनबाईंनी उठून ती मुकाट्याने लावली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कारण आरपार वारा, प्रोमाया, या गावात महामारीसारखा मानतात. मान धरली, प्रोमाया. दाढ ठणकली, प्रोमाया. सुनेला दिवस जात नाहीत, तर प्रोमाया आणि थंड दगडावर बसण्याची खोड. बसमध्ये माणसं उकडून मरतील, पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडू देणार नाहीत. आणि तो बोळ म्हणजे नुसता प्रोमायाच होता. लोक तिथून मानेवर हात धरून, भराभरा जात. त्या खोलीतल्या प्रत्येकाने हे आईच्या दुधाबरोबर प्यायलं होतं, पण ते ज्ञान आहे हे कुणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

दुशित्साच्या मात्र एवढं आलं, की त्या बाकांवर कुणी बसणार नाही. बैठकीनंतर जिन्यात इसिदोराने तिला गाठलं.

"तू दोन उन्हाळे तिथे काढलेस. खरं सांग, लोक येतील ना?"

दुशित्साने चपलेचा पट्टा नीट केला. "एवढ्या उकाड्यात गारव्याला कोण नाही म्हणेल?" ती म्हणाली.

बाक आले. उपमहापौरांनी कॉलर वर करून फीत कापली आणि पळ काढला. त्यानंतर तिथे कबुतरं बसली. इसिदोरा रोज एकटी जाऊन बसायची, केस उडत असायचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे आशेने बघायची. समोर भिंतीला चिकटून, घामाने चिंब झालेली दुशित्सा ते पाहायची. इतकी सुखी ती कित्येक वर्षांत नव्हती. गावातल्या वर्तमानपत्राने कबुतरांचा फोटो छापला, तेव्हा तिने तो आईला दोनदा वाचून दाखवला.

सप्टेंबरात, सगळ्या गावाला भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता, तेव्हा इसिदोरा घरी आली. विदोसावा गच्चीत चुलीवर मिरच्या भाजत होती. इसिदोरा उभ्याउभ्याच म्हणाली, "तुला माहीत होतं."

"होतं."

"मी विचारलं होतं तुला."

"ती जागा मला हवी आहे, इसिदोरा. तू यायच्या आधीपासून हवी आहे."

दुशित्साला वाटलं, आता ही रडेल किंवा भांडेल. इसिदोरा स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "बरं. आता तरी सांग. काय आहे हे?"

तिथेच दुशित्सा फसली. जिंकल्याचा आनंद होता, आणि व्हिएन्नाच्या बाईला शिकवायची ही पहिलीच वेळ. ती बोलत सुटली. विदोसावाला तर जोरच चढला: ओल्या केसांनी उंबरा ओलांडायचा नाही, कानात कापूस घालायचा, मान धरली तर राकिया, घरची दारू, चोळायची. "आणि उरली तर प्यायची," तिने वर जोडलं. इसिदोरा मिरच्या सोलत सगळं ऐकत होती.

निघताना तिने विचारलं, "हे तू तुझ्या प्रबंधात घेतलंयस ना?"

"हे काय घ्यायचं? बोळ रिकामा असतो, एवढं लिहिलंय. का ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मला नव्हतं ठाऊक. मी लिहिलं तर चालेल?"

दुशित्साला हसू आवरेना. म्हातारीच्या गोष्टी घेऊन ही प्रोफेसरांपुढे गेली म्हणजे उरलीसुरलीही पत जाईल, असा तिने हिशेब केला. "लिही की. खुशाल लिही," ती म्हणाली, आणि वर मिरच्यांची बरणीही बांधून दिली.

इसिदोराने लिहिलं. गारवा कुठे आहे हे सांगून भागत नाही, माणसं कशाला भितात तेही पाहावं लागतं, असा तिच्या प्रबंधाचा गाभा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो उचलून धरला. प्रोफेसर रादोमिर भर सभेत म्हणाले, "जन्मभर डोळ्यांसमोर होतं आणि आपल्यापैकी एकालाही दिसलं नाही." दुशित्सा मागच्या रांगेत बसली होती. जागा इसिदोराला मिळाली.

प्रोफेसर निवृत्त होऊन गावी मधमाश्या पाळू लागले. विदोसावा चार वर्षांनी गेली. शेवटच्या आजारात तिला भेटायला इसिदोरा दर रविवारी यायची, आणि दुशित्सा तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात कामं काढायची. बोळातले बाक काढून औषधाच्या दुकानापाशी नेले, वर कापडाचं छत टाकलं. तिथे आता बसायला जागा मिळत नाही. इसिदोरा प्राध्यापक झाली, तिचं पुस्तक तीन भाषांत निघालं. दुशित्साने प्रबंध उशिरा का होईना पुरा केला आणि पालिकेच्या उद्यान खात्यात नोकरी धरली. चौकात पुन्हा लिंडनची रोपं लागली ती तिच्याच हट्टाने. लोक तिचं कौतुक करतात. इसिदोराच्या पुस्तकात सुरुवातीलाच तिचे मनापासून आभार मानले आहेत. ते पान तिने एकदाच वाचलं. नंतर पुस्तक कधी उघडलंच, तर तेवढं पान सोडून पुढून.