गुलाबी रंग कुठे जातो

ताईनं बाटली माझ्या टेबलावर आपटली. औषध खोटं आहे, दुकानदारानं टोपी घातली आहे, आणि तुझी प्रयोगशाळा काय माशा मारते का, असं सगळं एका दमात बोलून झालं. तिच्या पाच वर्षांच्या चिमीला जन्मापासून तेलतूप पचत नाही. चरबी फोडणारा रस तिच्या शरीरात बनतच नाही. तो कॅप्सूलमधल्या राईएवढ्या दाण्यांतून द्यावा लागतो. हे निदान आत्ता कुठे झालं होतं, आणि दोन महिने औषध देऊनही पोर वाळत चालली होती.

माझाही पारा चढला. या रसाचा जोर मोजणं हेच माझं दहा वर्षांचं काम. म्हटलं, बस इथे आणि डोळ्यांनी बघ.

दाणे खलात कुटले, पाण्यात कालवले. बीकरमध्ये ऑलिव्ह तेल घोटून दुधासारखं केलेलं, अंगाइतकं कोमट. त्यात पित्ताचे क्षार, रंगद्रव्य आणि अल्कलीचा थेंब. सगळं गुलाबी झालं. मग दाण्यांचं पाणी सोडलं, आणि गुलाबी विरलं. पुन्हा थेंब, पुन्हा गुलाबी, पुन्हा पांढरं. तेल फुटलं की आम्ल सुटतं आणि ते रंग घालवतं. जितके थेंब लागतील तितका रसाचा जोर. हजारदा पाहिलंय, तरी माझ्या अंगावर काटा येतो. ना हात, ना दात, आणि तेल मात्र खाल्लं जातंय. ताईही भांडण विसरून बघत राहिली. औषध अस्सल होतं.

थेंब मोजण्यात हयात घालवलेले आमचे थेंबेकाका मागून म्हणाले, "पोर घेते कशी?"

"कुटून. कॅप्सूल गिळवत नाही तिला," ताई माझ्याकडे बोट करत म्हणाली. "हिनंच फोनवर सांगितलं, आम्ही रोज कुटतो म्हणून."

मी हातातला खल खाली ठेवला. दाण्यांना कवच असतं. जठराच्या आम्लातून ते रसाला सुखरूप पुढे नेतं आणि आतड्यात विरघळतं. "आम्ही कुटतो, कारण आमच्या बीकरला जठर नसतं," मी ताईला सांगितलं. त्या दिवशी मी घाईत होते, वैतागलेली होते, तोंडाला येईल ते बोलले.

तरी खात्री हवी होती. जठराइतकं आंबट पाणी दोन बीकरमध्ये घेतलं. एकात पूड, दुसऱ्यात अख्खे दाणे. तासभर तसंच ठेवलं. मग आंबटपणा मारून पूड गुलाबी तेलात सोडली. ढवळलं, वाट पाहिली. गुलाबी जागचं हललं नाही.

अख्खे दाणे धुऊन दुसऱ्या बीकरमधल्या गुलाबी तेलात टाकले. कवचं विरघळेपर्यंत दम धरला. आणि रंग विरला. थेंब टाकला, विरला. पुन्हा टाकला, पुन्हा विरला. इतक्या आंबटातून तासभर तगून एवढासा दाणा निमूट कामाला लागला होता. थेंबेकाकांनीसुद्धा चष्मा काढून पुसला.

"ताई, तुझ्या पोरीला मी उपाशी ठेवलं," मी म्हणाले. "आता अख्खे दाणे दे. सफरचंदाच्या मऊ गरात, न चावता."

ती ओरडेल म्हणून मी मान खाली घातली. तिनं पिशवीतून एक छोटा खलबत्ता काढला. कुठेही गेलं तरी चिमीचं औषध चुकू नये म्हणून ती तो सोबत बाळगायची. तळ घासून गुळगुळीत झाला होता.

"हा ठेव इथेच," ती म्हणाली. "तुझ्या बीकरला लागेल."