अबोला

चर्चच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडून मावशी नुसतीच उभी राहिली. सोमवार होता. रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनेला वेदीवर वापरलेली पांढरी वस्त्रं कपाटाच्या खालच्या फळीवर तिच्यासाठी धुवायला ठेवलेली असायची. आज फळी रिकामी होती.

घंटा वाजवणारे काका मागून आले आणि म्हणाले, फादरांनी लाँड्रीत पाठवली, आता दर आठवड्याला तिकडेच जाणार, तुमच्या हातांना आराम. मावशीने कपाट लावलं. माझ्या हातातली बादली काढून घेतली, पुन्हा माझ्याच हातात दिली आणि चालू लागली. तिला इतकं गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

हात तिचे खरंच कामातून गेले होते. सांधे सुजलेले, बोटांना भेगा. मागच्या रविवारी तिने इस्त्री केलेल्या वस्त्रावर रक्ताचा ठिपका निघाला आणि तो फादरांनी पाहिला. नवीन आलेला तरुण माणूस, मनाने लोणी. पण मावशीचं आणि देवाचं बोलणं बंद आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मावशीचा एकुलता एक मुलगा, आमचा दादा, ऐन उमेदीत आजारी पडला. मावशी गुडघ्यांवरून उठली नाही. हातापाया पडून झालं, नवस बोलून झाले, आणि दादा गेला. त्याची माती करून घरी आल्यावर तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की आजपासून मी देवाशी बोलणार नाही. आम्हाला वाटलं, दुःखाच्या भरात बोलली, निवळेल. त्याला दहा-अकरा वर्षं झाली. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही, पण तो थेट देवावर चालवायची छाती तिची एकटीची.

दर रविवारी ती पहिल्या बाकावर बसायची. सगळे उठले की उठायची, सगळ्यांनी गुडघे टेकले की टेकायची, आणि प्रार्थना सुरू झाली की ओठ घट्ट मिटून घ्यायची. सोमवारी मात्र वस्त्रं घरी आलीच पाहिजेत. आधी ती साध्या पाण्यात बुडवायची. ते पहिलं पाणी मोरीत ओतायचं नाही, झाडाच्या बुंध्याशी मातीतच जिरवायचं, कारण पवित्र भाकरीचा एखादा कण कापडावर राहिलेला असू शकतो. मग साबण, मग खळ, मग इस्त्री.

बोलत नाहीस तर त्याचे कपडे कशाला धुतेस, असं मी एकदा विचारलं होतं. मी बिनलग्नाची, मला काय कळणार, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"घरात अबोला असला म्हणून कुणी माणसाला उपाशी ठेवतं का? ताट आदळायचं, पण वाढायचं."

आणि आदळायची ती खरंच. तिची इस्त्री सुरू झाली की खालच्या मजल्यावरचे वर येऊन बघून जायचे.

आता ताट वाढायचंही राहिलं नाही. देवाशी तिचा तेवढाच एक धागा उरला होता. तो तुटला तर ही बाई पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही, अशी मला धास्ती बसली. मी फादरांना गाठून सगळं सांगितलं. ते कानापर्यंत लाल झाले, माफी मागायला घरी येतो म्हणाले. पण ते हात पुन्हा पाण्यात घालू देणार नाही, यावर ठाम राहिले. डॉक्टरांनीही तेच बजावलेलं. चूक कुणाचीच नव्हती, आणि मावशीचं मात्र सगळंच गेलं होतं.

पुढच्या रविवारी ती मिस्सेला आली नाही. फादर घरी आले, तेव्हा त्यांना चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारून वाटेला लावलं.

मंगळवारी दुपारी मात्र एकाएकी चपला घालून निघाली. मी मागोमाग. चर्चमध्ये कुणी नव्हतं. ती थेट वेदीसमोर गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी दारातच थांबले.

"पोरगा नेलास," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यानंतर मी तुझ्याकडे काही मागितलं? बोलत नव्हते, पण तुझं करत तर होते. तेवढंही बघवलं नाही तुला?"

मग एकदम थांबली. हात तोंडावर गेला.

"घे. शेवटी मीच आधी बोलले."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. ती बाकावर बसली आणि बोलतच राहिली. प्रार्थना नव्हतीच ती. दादाच्या शेवटच्या दिवसांचं सांगत होती. त्याला खिडकीकडे तोंड करून झोपायचं असायचं. आई, तुझे गुडघे माझ्याआधी जातील, असं तो तिला चिडवायचा. यातलं काहीही तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. काका किल्ल्या घेऊन दार लावायला आले. थांबा जरा, बरंच साठलंय, असं मी म्हटलं, तर ते पायरीवर बसले.

बऱ्याच वेळाने ती नाक पुसत बाहेर आली. मी विचारलं, काय म्हणाला तो?

"तो काय म्हणणार? ऐकत होता." चार पावलं गेल्यावर ती हळूच म्हणाली, "त्याचाही पोरगाच गेला होता ना गं. डोळ्यांदेखत, क्रुसावर. इतकी वर्षं त्याच्यासमोर बसले, पण माझ्या मनातच आलं नाही."

कोपऱ्यावर घराकडे वळायच्या ऐवजी ती सरळ चालत राहिली. पुढच्या गल्लीत एक शिंपीणबाई राहते. तिची लेक गेल्या महिन्यात गेली, तेव्हापासून तिचं मशीन बंद आहे आणि ती कुणाला दार उघडत नाही. मावशीला तिच्याकडे चल म्हणून मी दोनदा सांगून पाहिलं होतं. दोन्ही वेळा तिने विषय बदलला होता.

"तिथे जाऊन काय बोलणार आहेस?" मी विचारलं.

"बोलायला कशाला पाहिजे? बसायचं."

दार बंद होतं. मावशीची मूठ वळत नव्हती, म्हणून तिने तळहातानेच दार वाजवलं आणि तशीच उभी राहिली. थोडं थांबून तिने पुन्हा वाजवलं.