परत बोलावणारा कर्णा

मी एक जुना तांब्याचा कर्णा आहे. वीतभर लांब, सरळ, तोंडाशी चांदीची कड. मित्रांनो, कर्णा म्हटले की तुम्हाला लग्नाची वरात आठवेल. मला मात्र आयुष्यात एकही लग्न बघायला मिळाले नाही. माझे दिवस गेले इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या चिखलात, कुत्र्यांच्या आणि कोल्ह्यांच्या मागे.

एका कारागिराने मला ठोकून घडवले आणि शिकारी मंडळाच्या क्लाइव्ह पेथरिक यांनी मला वर्षानुवर्षे घोड्यावरून वाजवले. मला दोनच गोष्टी नीट बोलता येतात. तुटक, घाईचे सूर म्हणजे ‘कोल्हा पळाला, धरा’. एक लांब, थरथरता सूर म्हणजे ‘परत या’. मी वाजलो की कुत्र्यांचा सगळा ताफा एकदम वळे. लोक वाहवा करत. मी आधीच तांबडा, आणखी काय लाल होणार? ज्युनो नावाच्या एका पिल्लाने लाडात येऊन माझी कड चावली होती. तिच्या दाताची खूण अजून आहे.

मग वाद पेटला. शेतकरी म्हणत, कोल्हा आमची कोकरे नेतो. दुसरे म्हणत, म्हणून काय मौजेसाठी त्याला कुत्र्यांकडून फाडून घ्यायचे? मला दोघांचेही पटे, हीच माझी पंचाईत. शेवटी लंडनमध्ये कायदा झाला आणि ही शिकार बंद झाली. तरी शिकाऱ्यांचे तेच लाल कोट, तेच घोडे निघतच राहिले. आता कोल्ह्याच्या वासाचे फडके गवतातून ओढत नेत आणि कुत्री त्यामागे धावत. वाटेत खरा कोल्हा उठला, तर तो म्हणे अपघात. असे अपघात फार होत. मी कोणासाठी वाजतो आहे, तेच मला कळेनासे झाले.

अशाच एका दिवशी घोडा कुंपणावरून उडी मारताना मी पेथरिकांच्या कोटातून निसटलो आणि दोन हिवाळे चरात पडून हिरवा झालो. ब्रायनी टकेटला मी सापडलो. ती बेकरीत काम करणारी मुलगी. शिकारी मंडळी कायदा मोडताना सापडावीत म्हणून दर शनिवारी कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे हिंडणारी. कुत्र्यांना चकवून कोल्ह्यामागून वळवायला तिने मला वाजवायला घेतले. सूर तोच, बाजू उलटी. आता माझा पक्ष कोणता म्हणायचा?

एका शनिवारी ती रेल्वेच्या पुलावर उभी होती. खालच्या रुळांकडे कोल्हा पळत आला आणि त्याच्यामागे सगळी कुत्री. पेथरिक ओढ्यापलीकडे अडकले होते. त्यांचा नवा कर्णा नुसता किंचाळत होता, कुत्री ऐकत नव्हती. ब्रायनीच्या कॅमेऱ्यात सारे येत होते. याच पुराव्यासाठी ती दोन वर्षे पावसात भिजली होती. तेवढ्यात गाडीची शिटी ऐकू आली.

तिने कॅमेरा खाली टाकला आणि मला ओठांना लावले. लांब सूर.

ज्युनो थबकली, वळली. बाकीची तिच्यामागे आली. गाडी धडधडत निघून गेली. कोल्हा पलीकडे पसार झाला होता आणि कॅमेऱ्यात नुसते आभाळ उरले होते.

तिचा सोबती डंकन चिडला. आणखी थोडे थांबली असतीस, तर यांना कोर्टात उभे करता आले असते, असे तो दहादा म्हणाला. घोडेस्वारांनी तर आमच्या कुत्र्यांना हात लावायचा नाही म्हणून तिलाच दम भरला. पेथरिक चिखल तुडवत पायी आले. त्यांनी आधी कुत्री मोजली. मग मला तिच्या हातातून घेऊन दाताच्या खुणेवर अंगठा फिरवला.

“माझा आहे हा.”

“माहीत नव्हतं मला. घ्या,” ब्रायनी म्हणाली. “पण कोल्ह्यामागेच होता ना तुम्ही?”

“कोर्टात विचारलंस तर नाही म्हणेन.” त्यांनी पुन्हा एकदा कुत्र्यांकडे पाहिले. “हो, पोरी.”

मला बाहीला पुसून त्यांनी पुन्हा तिच्याच हातात दिले. “शेवटी सूर चढतो तुझा. ओठ सैल सोड. लांबवर पोचला पाहिजे.”

पुढच्या शनिवारी दोघे पुन्हा समोरासमोर होते आणि एकमेकांकडे बघतही नव्हते. खरे कोण, खोटे कोण, मला आजही कळत नाही. मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. मला कोरड्या फडक्याने पुसत जा, ओलीने तांबे खराब होते. आणि मला तोंडाला लावाल, तेव्हा परत बोलावण्याचा सूर आधी शिका.