हेक्लाचा पाहुणचार

आमच्या हूसाविक बंदरात जमिनीतून येणाऱ्या नळाच्या गरम पाण्यालाही सडक्या अंड्यांचा वास येतो, म्हणजे आमची नाकं काही नाजूक नाहीत. तरी देवमाशाच्या विष्ठेला मी नऊ वर्षांत सरावले नाही. लालसर, तेलकट, आणि दोनदा अंघोळ केली तरी केसांतून न जाणारी. किळस येते म्हणजे येतेच. ती जाळीने गोळा करायची आणि स्कीरच्या पांढऱ्या डब्यांत भरायची, हे माझं संशोधन. स्कीर म्हणजे आमचा चक्का. त्याच्या रिकाम्या डब्यांचा ढीग इथे घरोघरी असतो, आणि आमच्या संस्थेला बरण्या आणायच्या म्हटलं की जिवावर येतं.

हेक्ला नावाची मादी दर उन्हाळ्यात नेमकी आमच्या बोटीला खेटून पोट मोकळं करायची. देवमासे माणसावर विश्वास ठेवतात, या माझ्या सिद्धान्ताचा सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. ती यायची थांबली की माझी नऊ वर्षं मातीत.

यंदा माझ्या सहकाऱ्याने, थोर्केलने, देवमाशांचं बोलणं उलगडणारं यंत्र बनवलं आणि त्याला हौसेने स्वतःच्या मावशीचा आवाज दिला. दुपारी जेवायला बसताना त्याने ते पाण्यात सोडलं. हेक्ला एका तरुण माशाला काहीतरी समजावत होती.

"ही जनावरं उपाशी आहेत रे," मावशीच्या आवाजात यंत्र म्हणालं. "आपली घाण उचलतात, पांढऱ्या भांड्यात भरतात आणि दुपारी चमच्याने खातात. बघवत नाही. म्हणून नऊ उन्हाळे मी यांना खाऊ घालतेय."

माझ्या मांडीवर पांढरा डबा होता आणि हातात चमचा. विश्वास कसला, दया होती ती. थोर्केल हसता हसता खाली बसला. मी डबा बाजूला ठेवला.

थोड्या वेळाने यंत्र पुन्हा बोललं. आज खात नाहीयेत, म्हणजे पोटं भरली असावीत. आता इथे थांबायचं कारण नाही, उत्तरेला जाऊ या.

थोर्केलचं हसू मावळलं.

"खा," तो म्हणाला.

"तू खा की."

"सिद्धान्त तुझा आहे."

मी डबा उचलला. आत स्ट्रॉबेरी घातलेलं स्कीर असावं, लालसर. वास घेऊन पाहिला, पण सगळ्या बोटीलाच तो वास होता, कळणार काय. बोटीच्या कडेला हेक्लाचं डोकं वर आलं. तिचा डोळा माझ्या चमच्यावर होता. मी डोळे मिटले आणि एक घास गिळला. स्कीरच होतं.

बोटीभोवतीचं पाणी हळूहळू लाल झालं.

"सावकाश खा गं," मावशी मायेने म्हणाली. "लाजू नकोस. अजून आहे."